चार तासांची पट्टी

पहिला फोन आला तेव्हा मी एका शाळेचा शिक्का कापत होतो. एका हातात रबर, दुसऱ्यात पातं, म्हणून फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला.

"मुलीचे वडील बोलताय ना? दवाखान्यातून बोलतेय, डोळ्यांच्या विभागातून. तुमच्या तीन तारखा चुकल्या."

"माझा नंबर कुठून मिळाला?"

"फाईलवर आईचा नंबर आहे, तो लागत नाही. त्याच्याखाली आजीचा होता. त्यांनी तुमचा दिला."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी म्हटलं, "आता कामात आहे," आणि फोन ठेवला. तेवढ्यात शिक्क्याची कड वाकडी कापली गेली होती. तो टाकून दुसरा करावा लागला.

माझा धंदा रबरी शिक्क्यांचा. गल्लीत आठ फूट रुंद दुकान आहे. या धंद्यात माणूस संशयी होतोच. कुणी येतो आणि म्हणतो, डॉक्टरांचा शिक्का करून द्या, डॉक्टर बाहेरगावी गेलेत. कुणी म्हणतो, साहेबांनीच पाठवलंय, पत्र तेवढं घरी राहिलं. मी आधी माणसाचं तोंड बघतो, मग पत्र बघतो, मग पत्रावरचा नंबर फिरवतो. वीस वर्षांत माझ्या हातून एकही खोटा शिक्का गेलेला नाही. बायको म्हणायची, "तुम्ही वर गेल्यावर देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागाल."

आधी तीच गेली. त्याला आठ महिने झाले. अकरा दिवस दवाखान्यात होती, त्याच दवाखान्यात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. जमत नाही.

आमची मुलगी एकच. एका जागी उभी राहत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. सहावं वर्ष लागायला दोन महिने होते. शाळेत डोळे तपासले तेव्हा कळलं की तिचा एक डोळा कमजोर आहे. बाहेरून बघायला दोन्ही सारखे. उपचार म्हणजे चष्मा, आणि चष्म्याच्या आत डोळ्यावर रोज चार तास चिकटपट्टी. सगळं बायकोच बघायची. मी शिक्के बघायचो. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की सात-आठ वर्षांपर्यंतच हा डोळा नीट सुधारतो, पुढे फार कठीण. हे एक वाक्य तिनं मला दहा वेळा ऐकवलं होतं. बाकीचं मी ऐकलंच नव्हतं, पण हे डोक्यात घट्ट बसलं होतं.

ती गेल्यावर तीन आठवडे घरात कशाचाच पत्ता नव्हता. मग एक दिवस कपाटात पट्ट्यांचा डबा दिसला. दवाखान्यात जायचं तर मुख्य दारातून आत जाऊन तोच जिना चढावा लागतो. ते माझ्यानं होईना. पण बायकोच्या फोनमध्ये एक फोटो होता. दुकानात बसून तिनं स्वतःच काढलेला, ती आणि भिंगरी, गालाला गाल लावून, भिंगरीच्या डोळ्यावर पट्टी. तो फोटो मी समोर धरला, बघून बघून पट्टी लावली, आणि त्या दिवसापासून एकही दिवस चुकू दिला नाही. दुपारी एकला लावायची, पाचला काढायची. शाळेतून आली की ती माझ्या दुकानातच असायची. पट्टीवर मी तिला आवडेल तो शिक्का मारायचो, बदक, मांजर, चांदणी. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला दुसरा शिक्का मारायचो, "लावली" असा. तो मी खास त्यासाठीच केला होता.

म्हणून तो फोन आला तेव्हा मला राग आला. तारखा चुकल्या असतील. पट्टी चुकली नव्हती.

आणखी दोन फोन आले. मी उचलले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी बाई स्वतःच दुकानात हजर. पन्नाशीच्या आसपास, खांद्याला जाडजूड पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. म्हणाली, "मी पाठपुराव्याचं काम करते. ज्यांची मुलं तपासणीला यायची थांबतात, त्यांच्या घरी जाते."

"ओळखपत्र?"

तिनं गळ्यातलं काढून काउंटरवर ठेवलं. मी त्यावरचा शिक्का भिंग लावून बघितला. खरा होता.

"झालं समाधान?"

"बसा."

ती बसली आणि विचारू लागली. घरात कोण कोण? स्वयंपाक कोण करतं? मुलगी शाळेतून आल्यावर कुठे असते? खोल्या किती? मी एकेका शब्दात उत्तर देत होतो आणि मनात म्हणत होतो, डोळ्याला खोल्यांशी काय करायचंय?

"पट्टी लावता?"

"रोज. चार तास."

"रोज म्हणजे?"

मी कॅलेंडर काढून तिच्यासमोर ठेवलं. सात महिने, प्रत्येक चौकोनात "लावली". एकही चौकोन रिकामा नाही. तिनं पानं उलटली, मग माझ्या मागच्या फळीकडे बघितलं. तिथं तीनशे शिक्के रांगेत उभे आहेत.

"छान आहे," ती म्हणाली. "शिक्के तर तुमच्या घरचेच."

मला समजलं. हे सगळं कॅलेंडर काल संध्याकाळी बसून पाच मिनिटांत मारलं असेल, असं तिला वाटत होतं. बोलली मात्र नाही.

"रडते का पट्टी लावताना?"

"अजिबात नाही."

"काढून टाकते? आपटते, पडते, चिडते?"

"सांगितलं ना, नाही. शहाणी आहे माझी मुलगी."

"कधीच नाही?"

"तुम्हाला ती रडायला हवी आहे का?"

ती फॉर्मवर लिहू लागली. फॉर्म तिच्या बाजूला होता, पण उलटं वाचणं हा माझा धंदाच आहे. शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात, ती मी दिवसभर वाचतो. तिचं अक्षर बारीक होतं तरी मी सगळं वाचलं. "पट्टी नियमित: वडील म्हणतात हो. शंका वाटते. मूल त्रास देत नाही म्हणतात. दुपारी न सांगता भेट द्यावी. घरात आणखी मोठं कुणी नाही."

शेवटचं वाक्य मला सुरीसारखं लागलं. कारण अगदी तेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. बायको गेल्यावर महिन्याभरात सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या घरात आणखी मोठं कुणी नाही. पोरगी माझ्याकडे राहू दे." तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं होतं.

म्हणजे हे असं होतं. डोळा हे निमित्त. आधी कागद तयार करायचे, मग मुलगी उचलायची.

संध्याकाळी सासूबाई भिंगरीला बघायला दुकानात आल्या. तेव्हा आठवड्यातून एकदा यायच्या. भिंगरी शेजारच्या शिंप्याकडे चिंध्या गोळा करायला गेली होती. मी सरळ विचारलं, "त्या बाईला तुम्ही पाठवलंत?"

"कुठल्या बाईला?"

"दवाखान्याच्या. पाठपुरावा."

"ती होय. तिचा मला फोन आला होता. मग काय सांगायचं होतं, राँग नंबर?"

"काय काय सांगितलंत?"

"विचारलं ते सांगितलं. म्हटलं, जावई घुमे आहेत, पण पोरीच्या बाबतीत वक्तशीर आहेत."

"आणि?"

"आणि म्हटलं, मला घरात घेत नाहीत."

"तुम्हाला कुणी अडवलंय?"

"अडवत नाही कुणी. पण आठ महिन्यांत एकदा तरी म्हणालात, आई, बसा म्हणून?"

त्या उभ्याच होत्या. मी स्टूल पुढे केलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला तेसुद्धा नाटक वाटलं. भिंगरी आली, त्यांनी तिला जवळ घेतलं, केसातून हात फिरवला आणि गेल्या.

पुढच्या आठवड्यात बाई परत आली. दुपारचे तीन. मला माहीतच होतं, फॉर्मवर वाचलं होतं ना. मी मनात म्हटलं, ये, बघ म्हणावं तुझ्या डोळ्यांनी.

भिंगरी काउंटरच्या मागे छोट्या स्टुलावर बसून मणी ओवत होती. डोळ्यावर पट्टी, पट्टीवर बदक. मोहरीएवढे मणी, एकामागून एक सुईत घालत होती, तोंडानं गाणं चालू.

बाई दारातच थांबली. आत यायच्या ऐवजी ती नुसती बघत राहिली.

"किती वेळ झाला पट्टी लावून?"

"दोन तास," मी म्हणालो. आवाजात थोडा माज होता, खोटं कशाला बोलू. "आता लिहा तुमच्या फॉर्मवर."

"आणि एवढे बारीक मणी ओवतेय?"

"हुशार आहे."

ती आत आली, भिंगरीसमोर उकिडवी बसली. "काय गं, छान दिसतं ना तुला?"

"हो. हा निळा, हा हिरवा, हा अर्धा फुटका."

बाईनं पिशवीतून फाईल काढली, एक पान उघडलं, परत भिंगरीकडे बघितलं. मग मला म्हणाली, "दादा, पट्टी डाव्या डोळ्याला आहे."

"मग?"

"फाईलमध्ये उजव्याला लिहिलंय."

"कमजोर डोळा डावा आहे. पट्टी डाव्यालाच लागणार. जिथं दुखणं तिथं पट्टी."

"नाही ना, दादा. चांगला डोळा झाकायचा. म्हणजे कमजोर डोळ्याला नाइलाजानं बघावं लागतं. चांगला उघडा असला की तो सगळं काम करतो आणि हा बसून खातो."

मला ते स्पष्टीकरण जरा जास्तच सोपं वाटलं. "तुमची फाईल चुकली असेल," मी म्हणालो. "त्याच दवाखान्यानं माझ्या बायकोच्या नावात दोन चुका केल्या होत्या. मरणाच्या दाखल्यावर. फाईलवर मी कसा विश्वास ठेवू?"

"तुम्हाला लावायला कुणी शिकवलं?"

"हिच्या आईनंच." मी बायकोचा फोन काढला, फोटो उघडला, तिच्यासमोर धरला. "ही माझी बायको. जायच्या आधी चार महिने हे तिनं स्वतः केलंय, तुमच्याच डॉक्टरांनी शिकवलं तसं. बघा पट्टी कुठं आहे. आणि आता भिंगरीकडे बघा. त्याच बाजूला आहे का नाही?"

तिनं फोन हातात घेतला. बराच वेळ बघत होती. मी वाट बघत होतो की आता ती माफी मागेल.

"दादा, फोटोत मागे पाटी आहे. काय लिहिलंय त्यावर?"

"तुम्हाला वाचता येत नाही का? शिक्के एका तासात तयार करून मिळतील."

"मला नाही वाचता येत."

मला वाटलं ती थट्टा करतेय. तिचं तोंड बघितलं, थट्टा नव्हती. मी फोन परत घेतला आणि पाटी वाचली. सरळ वाचता आली. मग मी मान वर करून मागे भिंतीवरच्या खऱ्या पाटीकडे बघितलं, आणि परत फोटोत. फोटोतला "शि" उजव्या टोकाला होता.

बायकोचा फोन जुना होता. त्यात स्वतःचा फोटो स्वतः काढला की आरशासारखा यायचा. दुसऱ्या कुणीही तो फोटो बघितला असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, अक्षरं उलटी आहेत. मी सात महिने रोज बघितला. उलटी अक्षरं मला उलटी दिसतच नाहीत.

"मी सांगितलं होतं बाबांना," भिंगरी म्हणाली. मणी ओवणं थांबवलं नव्हतं.

आता ही गोष्ट मी आधी सांगितली नाही, ती सांगतो. पहिल्या दिवशी मी पट्टी लावायला घेतली तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, हा नाही, तो." दुसऱ्या दिवशीही म्हणाली. बायकोनं मला कधीतरी बजावलं होतं की ही फार लबाड आहे, पट्टी चुकवायला वाट्टेल ते सांगेल, ऐकायचं नाही. म्हणून मी तिला हा फोटो दाखवला आणि म्हटलं, "बघ, आईनं कुठं लावलीय? आई खोटी आणि तू खरी?" ती फोटोकडे बघत राहिली. त्यानंतर परत कधी काही बोलली नाही.

दवाखान्याचं कार्ड बायकोच्या पर्समध्ये होतं. त्यावर उजवा डोळा असं ठळक लिहिलेलं असणार. पर्स दवाखान्यातून आली तशी खुंटीला होती. मी ती उघडली नव्हती.

बाईनं भिंगरीची पट्टी हळूच काढली, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि एक मणी तिच्यासमोर धरला. "हा कुठल्या रंगाचा?"

"मावशी, हात काढ ना. धुकं आहे."

मी खाली बसलो. बाईनं मला पाणी दिलं, माझ्याच दुकानातलं, माझ्याच पेल्यात. थोड्या वेळानं मी विचारलं, "आता तुम्ही हे लिहिणार."

"लिहावं लागेल."

"काय लिहिणार?"

तिनं लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला. "घ्या, सुलटं वाचा. मागच्या वेळी उलटं वाचत होतात, मला दिसत होतं."

लिहिलं होतं, "पट्टी रोज चार तास, सात महिने, एकही दिवस न चुकता लावली. चुकीच्या डोळ्याला. आईच्या मृत्यूनंतर वडिलांना आमच्यापैकी कुणीही दाखवून दिलं नव्हतं."

"हे शेवटचं कशाला?" मी विचारलं. मला त्यातही काहीतरी डाव वाटत होता.

"कारण ते खरं आहे. उद्या सकाळी नऊला या. मी मुख्य दाराशी उभी राहते. मागच्या बाजूनं एक सामानाची लिफ्ट आहे, तिनं नेते. जिना नको तुम्हाला."

जिन्याचं मी तिला काही सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं असणार.

डॉक्टरांनी तपासलं. बायकोनं चार महिन्यांत तक्त्याच्या दोन ओळी मिळवल्या होत्या. त्या दोन्ही गेल्या होत्या. "पण अजून वेळ आहे," डॉक्टर म्हणाले. "आता सहा तास. आणि आता खरं काम सुरू होईल, तयारी ठेवा."

तयारी म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. उजवा डोळा झाकला आणि माझी शहाणी मुलगी गेली कुठल्या कुठे. ती काउंटरला धडकली. पाण्याचा पेला सांडला. मणी दिसेनात म्हणून अख्खा डबा फेकला. "मला आधीची पट्टी हवी," म्हणून इतकी ओरडली की शिंपी कात्री घेऊन धावत आला. अर्ध्या तासात तिनं पट्टी उपटून काढली, पापण्यांचे चार केसही त्याबरोबर आले. मी दुसरी लावली. तीही गेली. चार दिवस दुकानात एक शिक्का झाला नाही, गिऱ्हाइकं परत गेली, आणि चार दिवस मिळून पट्टी जेमतेम पाच तास टिकली.

पाचव्या दिवशी मी सासूबाईंना फोन केला.

"आई, दुपारच्या येता का? मला एकट्याला जमत नाही."

त्या म्हणाल्या, "डोळे पुसायला येऊ की पट्टी लावायला?"

"दोन्हीला."

त्या रोज येऊ लागल्या. भिंगरीला घरी नेऊन बसायच्या, मी दुकान बघायचो. संध्याकाळी म्हणायच्या, "सहा तास पूर्ण. काही त्रास दिला नाही." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण आता त्रास दिला नाही हे शब्द ऐकले की मला शंका यायची.

पाकीट बंद केल्यावर त्याच्या तोंडावर अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा शिक्का मारतात. कुणी उघडलं तर जुळत नाही. मी तेच केलं. दुपारी पट्टी लावली की तिच्या कडेवर बदक मारायचं, डोकं पट्टीवर आणि शेपूट गालावर. शाई लहान मुलांची, पाण्यानं जाणारी. भिंगरीला ते फार आवडलं. सासूबाईंना कारण सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बदकाचं डोकं कपाळाकडे चाललं होतं आणि शेपूट होती तिथंच.

"आई, पट्टी काढली होती."

"कुणी सांगितलं?"

"बदकानं."

त्यांनी बघितलं. "जरा वेळ काढली. खायला बसली होती, ताट दिसेना, घास नाकाला लागत होता. रडत होती."

"जरा वेळ म्हणजे किती?"

"तुम्ही काय पोलीस आहात?" त्यांचा आवाज फुटला. "माझी मुलगी गेली. आता तिच्या मुलीला मीच रडवू? मी म्हातारी काय तेवढ्यासाठी उरलेय?"

भिंगरी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती, एकाच डोळ्यानं, आणि त्या डोळ्याला आमची तोंडंही नीट दिसत नव्हती. मी पाठपुराव्याच्या बाईला फोन लावला. तिचा नंबर मी स्वतःहून फिरवला तो पहिल्यांदाच.

ती दुसऱ्या दिवशी घरी आली. मला वाटलं ती सासूबाईंना डॉक्टरांसारखं समजावेल. पण ती त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही फोनवर मोतीबिंदूचं सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आधी तुम्हाला कसं दिसायचं?"

"काय सांगू. सगळं ताकासारखं. माणूस आवाजावरून ओळखायचे."

"मग ऑपरेशन झालं."

"झालं. देव भलं करो त्या डॉक्टरचं."

"हिला एका डोळ्यानं तसंच दिसतं. आणि हिच्यासाठी तसं ऑपरेशन नाही. ही पट्टीच तिचं ऑपरेशन. रोज थोडं थोडं करायचं, आणि तुमच्या हातानं."

सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला, परत घातला.

मग बाईनं कागदावर वेळा मांडल्या. एकदम सहा तास नकोत. दोन सकाळी शाळेआधी, दोन दुपारी, दोन संध्याकाळी, मध्ये डोळ्याला सुट्टी. जेवताना पट्टी नको. पट्टी असताना तिला जे सगळ्यात आवडतं तेवढंच द्यायचं, आणि ते मोठं असू दे, मोहरीएवढे मणी आता नकोत. मी सुपारीएवढे लाकडी मणी केले. शिक्क्यांच्या मुठी उरतात, त्यांना भोकं पाडली. सासूबाई रोज एक नवीन खेळ काढायच्या. पण त्या पट्टी काढत नाहीत ना, हे बघायला मी दुपारी मधेच घरी डोकावायचो. त्यांना ते कळायचं. दारातून मला बघितलं की भिंगरीचा गाल माझ्याकडे वळवायच्या. "घ्या, मोजा पिसं."

दोन महिन्यांनी परत तपासणी. आम्ही तिघं गेलो. बाई दाराशी होती, पण मी म्हटलं, जिन्यानं जाऊ. गेलो. पहिल्या मजल्यावर जरा थांबलो, सासूबाईही थांबल्या.

तपासणीच्या खोलीत चित्रांचा तक्ता होता. वर मोठी चित्रं, खाली लहान होत जाणारी. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला. भिंगरी घडाघडा बोलली, "घर, छत्री. मासा, घर, चेंडू. छत्री, मासा, चेंडू, घर."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "तीन ओळी. उत्तम."

सासूबाईंनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला आणि म्हणालो, "तक्ता बदला."

"का?"

"बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा दार उघडं होतं. तिच्या आधीचा मुलगा मोठ्यानं बोलत होता. तिनं पाठ केलंय."

"बाबा!" भिंगरी ओरडली.

"अहो, पोरीवर तरी," सासूबाई म्हणाल्या.

बाई दारात उभी होती. "दादा, कधीतरी विश्वास ठेवा."

"ठेवीन. आधी तक्ता बदला."

डॉक्टर हसले, पण दुसरा तक्ता लावला. भिंगरीनं मान पुढे काढली. पहिली ओळ बरोबर. दुसऱ्या ओळीला वेळ लागला, ओठ हलत होते, पण बरोबर. तिसऱ्या ओळीत घर बरोबर आलं. मग माशाला छत्री म्हणाली, आणि पुढे गप्प बसली.

"दोन," डॉक्टर म्हणाले. "दोन खऱ्या. सात महिने फुकट गेल्यानंतर हे चांगलं आहे. असंच चालू ठेवा."

दोन ओळी. बायकोनं चार महिन्यांत मिळवलेल्या. ती जिथं सोडून गेली होती तिथं आम्ही पोचलो होतो, त्याच्या पुढे एक बोटही नाही. मला आनंद झाला की नाही ते मला सांगता येणार नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. बाईनं नवीन कार्ड लिहून माझ्या हातात दिलं.

बाहेर आल्यावर भिंगरी माझ्याशी बोलेना. बसथांब्यापर्यंत ती आजीचा हात धरून चालली. तिथं बाकावर बसल्यावर म्हणाली, "मासा मला दिसला होता. मी मुद्दाम छत्री म्हणाले."

"खोटं."

तिनं जरा विचार केला. "खोटं," ती म्हणाली. "पण घर खरं होतं."

"घर खरं होतं."

बस दिसत नव्हती. दुपारच्या दोन तासांची वेळ झाली होती. मी खिशातून पट्टी काढली, मागचा कागद सोलला. भिंगरीनं चष्मा काढून आजीकडे दिला आणि तोंड वर केलं.

"उजवा," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि तरी कार्ड उघडून बघितलं.